अडून बसलेले इंजिन

अकोल्याहून वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्यावर, डोंगराच्या पायथ्याशी पातूर हे गाव वसले आहे. टेकडीवरील रेणुकामातेचे मंदिर आणि खडकात कोरलेली प्राचीन लेणी यांमुळे ते दूरवर परिचित आहे. गावाभोवती वऱ्हाडची काळी जमीन पसरली आहे. पावसाळ्यात तिच्यावर कापूस, तूर, सोयाबीन ही पिके डोलतात; परंतु पाऊस सरला म्हणजे गहू, हरभरा आणि कांदा यांना विहिरीच्या पाण्याचाच आधार उरतो. ज्या शेताला असे पाणी देण्याची सोय आहे, त्याला इकडे ओलिताचे शेत म्हणतात. ओलिताचे शेत ही घराची मोठी पुंजी समजली जाते.

पूर्वी ओलीत करावयाचे म्हणजे मोट जुंपावी लागे. बैलांची जोडी धावेवरून खाली उतरे, नाडा ताणला जाई, चाक कुरकुरे आणि मोटेतील पाणी थारोळ्यात कोसळे. दिवसभर बैल राबले तरी थोडीच जमीन भिजे. पुढे विहिरीवर तेलावर चालणारी इंजिने आली आणि त्यांच्या मागोमाग विजेच्या मोटारी आल्या. महाराष्ट्रात ही यंत्रे शेतापर्यंत पोहोचविण्यात किर्लोस्करांचा वाटा मोठा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० साली माळरानावर किर्लोस्करवाडी वसविली आणि तेथे लोखंडी नांगर तयार केले. लोखंडाच्या फाळाने जमीन बिघडेल, अशी भीती त्या वेळी शेतकऱ्यांना वाटत असे. ती भीती अनुभवाने दूर झाली. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव यांच्या पुढाकाराने १९४६ साली पुण्याजवळ खडकी येथे तेलइंजिनांचा कारखाना स्थापन झाला. त्यानंतरच्या काळात विहिरींच्या काठी या इंजिनांचा ‘टक् टक्’ असा आवाज खेडोपाडी ऐकू येऊ लागला.

यंत्र आले तरी यंत्राला समजून घेण्याचे काम संपत नाही. बैल थकला तर तो थांबतो आणि त्याचे दुखणे डोळ्यांना दिसते. यंत्र अडले म्हणजे ते मुके असते. त्याचे दुखणे शोधून काढावे लागते. ते कसे शोधावे, हे पातूरजवळच्या एका शिवारातील पुढील हकीकतीवरून ध्यानात येईल.

फेब्रुवारीचा महिना होता. थंडी ओसरली होती आणि दुपारचे ऊन चटका देऊ लागले होते. एका शेतकऱ्याचा तीन एकर गहू ओंबीवर आला होता. ओंबीतील दाणा या वेळी दुधाळ असतो. आता पाणी मिळाले तर तो भरतो. न मिळाले तर सुरकुततो आणि पोत्यात गव्हाऐवजी कोंडाच अधिक येतो. चार महिन्यांची मेहनत या एका पाण्यावर अवलंबून होती.

शेतीची वीज रात्री येत असे. त्या रात्री शेतकरी कंदील घेऊन विहिरीवर गेला आणि त्याने स्टार्टरचे हिरवे बटन दाबले. मोटर फिरली नाही. ती नुसती गुंगत राहिली. त्याने बटन बंद केले, पुन्हा दाबले. मोटर पुन्हा गुंगली. असे सात-आठ वेळा झाले. शेवटी जळका वास आला आणि मोटर कायमची गप्प झाली.

विहिरीवरच्या मोठ्या मोटारीला तीन तारांतून वीज मिळते. या तीन तारांना तीन फेज म्हणतात. तिन्ही फेज मिळून मोटारीत फिरते चुंबकीय क्षेत्र निर्माण करतात आणि त्यामुळे मोटारीचा कणा फिरू लागतो. एखादा फ्यूज उडाला किंवा खांबावर तार सुटली म्हणजे एक फेज नाहीसा होतो. उरलेल्या दोन तारांतून वीज येत असल्यामुळे मोटर गुंगते. परंतु थांबलेला कणा हलविण्याचे बळ तिच्यात नसते. वीज मात्र नेहमीपेक्षा कितीतरी अधिक वाहू लागते. तारांची गुंडाळी तापते आणि तिच्यावरील वार्निशाचा लेप जळतो. असे घडू नये म्हणून स्टार्टरमध्ये वीज आपोआप तोडणारी रक्षक योजना असते. या शेतकऱ्याच्या स्टार्टरमध्येही ती होती. परंतु मागे एकदा ती वारंवार वीज तोडीत असल्यामुळे कंटाळून त्याने तिचा काटा पुष्कळ वर सरकवून ठेवला होता. रक्षकच झोपविला गेला होता.

सकाळी जळकी मोटर बंडीत घालून पातूरला नेली. नवी गुंडाळी भरण्यास चार दिवस लागतील असे दुकानदाराने सांगितले. गव्हाला चार दिवस धीर नव्हता.

तेव्हा शेतकऱ्याला गोठ्यामागच्या छपरीतील जुन्या डिझेल इंजिनाची आठवण झाली. वीज आल्यापासून ते तसेच पडून होते. चार वर्षांत त्याला कोणी हात लावला नव्हता. त्याने गोणपाट बाजूला केले, धूळ झटकली, टाकीत ताजे डिझेल ओतले आणि हँडल लावून चाक फिरविण्यास आरंभ केला. दहा वेळा, वीस वेळा, चाळीस वेळा त्याने चाक फिरविले. अंग घामाने भिजले. इंजिनाने हूं की चूं केले नाही. शेजारच्या मळ्यातील दोघे मदतीला आले. एक म्हणाला, “नोझल गेले असेल, बदलून टाका.” दुसरा म्हणाला, “रिंगा झिजल्या असतील. सगळे इंजिन खोलावे लागेल.” प्रत्येकाने एकेक बोल्ट सैल केला, एकेक आवळला. दुपारपर्यंत कोणता बोल्ट कोणी फिरविला, हेही कोणास आठवेना.

शेतकऱ्याची मुलगी सातवीत शिकत होती. शाळा सुटल्यावर ती भाकरी घेऊन मळ्यात आली. वडील कपाळाला हात लावून धावेच्या दगडावर बसले होते. ती म्हणाली, “बाबा, पातूरच्या मिस्त्रीचाचांना बोलवू या ना. आजोबा असताना तेच यायचे.”

संध्याकाळी मिस्त्री आले. वय साठीच्या पुढचे. मोटारसायकलीला अडकविलेल्या पिशवीत चार पाने, एक पेचकस, थोडी चिंधी आणि एक जुना डबा एवढेच सामान होते. मिस्त्रींनी इंजिनाला हात लावला नाही. ते शेजारी उकिडवे बसले आणि विचारू लागले.

“भाऊ, हे शेवटचे चालले तेव्हा नीट चालत होते का?”

“हो चाचा. एकदम झकास. वीज आली म्हणून बंद केले.”

“म्हणजे ते चालता चालता बिघडलेले नाही, पडून राहून बिघडले आहे. बरे, आज फिरविताना धुराड्यातून धूर निघाला का?”

शेतकरी विचारात पडला. त्याच्याकडे त्याचे लक्षच गेले नव्हते. तेव्हा मिस्त्रींनी तेलकाडी काढून इंजिनातील वंगणाचे तेल पुरेसे आहे याची खात्री केली आणि सैल केलेले बोल्ट एकेक करून जागच्या जागी आवळले. मग मुलीला म्हणाले, “पोरी, तू दूर उभी राहा आणि फक्त धुराड्याकडे पाहा. काय दिसते ते सांग.” त्यांनी चाक फिरविले. मुलगी म्हणाली, “काहीच नाही, चाचा. धूर अजिबात नाही.”

मिस्त्रींचा चेहरा खुलला. “वा! इंजिन बोलले. धूर नाही म्हणजे डिझेल आतपर्यंत पोहोचतच नाही. ज्या घरात चूल पेटली नाही, तिथे भाकरी का भाजली नाही हे विचारण्यात अर्थ नाही.”

मिस्त्रींचे हे बोलणे समजण्यासाठी डिझेल इंजिन कसे चालते, हे पाहिले पाहिजे. मोटारसायकलीच्या इंजिनात पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण विजेच्या ठिणगीने पेटवितात. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. त्यात प्रथम झडप उघडून केवळ हवा आत घेतली जाते. मग झडप बंद होते आणि नळकांड्यातील दट्ट्या त्या हवेला दाबू लागतो. सायकलच्या चाकात जोराने हवा भरली म्हणजे पंपाचे टोक गरम लागते, हा अनुभव सर्वांना आहे. दाबलेली हवा तापते, हेच त्याचे कारण. विहिरीवरच्या लहान इंजिनात हवा तिच्या मूळ आकाराच्या सुमारे सोळाव्या हिश्श्याइतकी दाबली जाते. त्यामुळे ती ५०० अंश सेल्सिअसहून अधिक तापते. नेमक्या त्याच क्षणी नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा सुटतो आणि त्या तापलेल्या हवेत आपोआप पेट घेतो. त्या जाळाच्या जोराने दट्ट्या मागे ढकलला जातो आणि चाक फिरते. शेवटी दुसरी झडप उघडून धूर बाहेर टाकला जातो.

म्हणून डिझेल इंजिन सुरू होण्यास तीन गोष्टी लागतात : इंधन, हवा आणि दाब. यांपैकी एकही गोष्ट उणी पडली तर इंजिन अडते. तिन्ही असतील तर ते सहसा अडत नाही. निष्णात कारागिराचे निम्मे कौशल्य, या तिहींपैकी काय उणे आहे हे ठरविण्यातच असते.

धूर हा या कामी चांगला साक्षीदार असतो. चाक फिरविताना मुळीच धूर निघाला नाही, तर इंधन पोहोचत नाही. पांढरा धूर निघाला, तर इंधन पोहोचते. पण हवा पुरेशी तापत नसल्यामुळे ते न जळताच बाहेर पडते. चालत्या इंजिनातून काळा धूर निघाला, तर इंधनाच्या मानाने हवा कमी पडते किंवा ओझे फार झालेले असते. निळसर धूर निघाला, तर वंगणाचे तेल आत शिरून जळत असते.

मिस्त्रींनी डिझेलच्या वाटेचा माग काढण्यास सुरुवात केली. टाकीपासून ते निघाले. टाकी भरलेली होती. तोटी उघडी होती. तोटीखालची नळी गाळणीजवळ सैल केली, तेव्हा डिझेलची धार आली. “इथपर्यंत वाट मोकळी आहे,” ते म्हणाले. नळी पुन्हा बसवून त्यांनी गाळणीच्या पलीकडचा जोड सैल केला. तेथे एक थेंबही आला नाही. “म्हणजे चोर या दोहोंच्या मध्ये आहे.”

गाळणी उघडली. टाकीच्या तळाचा चार वर्षांचा गाळ तिच्यात येऊन बसला होता आणि त्याखाली थोडे पाणीही साचले होते. पाणी डिझेलपेक्षा जड असल्यामुळे ते नेहमी तळाशी जाते. मिस्त्रींनी टाकीतील तळाचे डिझेल डब्यात काढून टाकले, भांडे चिंधीने पुसले आणि पिशवीतून गाळणीचा नवा कागदी गाभा काढून बसविला.

“आता सुरू होईल?” शेतकऱ्याने उतावीळपणे हँडल उचलले.

“थांबा भाऊ. वाट उघडली, पण वाटेत हवा शिरली आहे.” मिस्त्रींनी समजावून सांगितले. डिझेल ढकलणारा पंप अगदी थोडे डिझेल अतिशय जोराने ढकलतो. डिझेल दाबले तरी फारसे आक्रसत नाही. म्हणून पंपाचा धक्का सरळ नोझलपर्यंत जातो. नळीत हवेचा बुडबुडा असला, तर तो बुडबुडाच आक्रसतो आणि पुन्हा फुगतो. धक्का तेथेच जिरतो आणि नोझल उघडत नाही. यालाच इंजिनाने हवा धरली असे कारागीर म्हणतात. मिस्त्रींनी गाळणीवरील लहान स्क्रू सैल केला. तेथून फेसाळ डिझेल येऊ लागले. फेस थांबून स्वच्छ धार आली तेव्हा त्यांनी तो स्क्रू आवळला. पंपाजवळही तसेच केले. मग चाक फिरविले. इंजिनाच्या माथ्यातून ‘कुर्र, कुर्र’ असा बारीक आवाज आला.

“ऐकलेस, पोरी? नोझल बोलू लागले. जे बोलते आहे ते बदलण्याचे कारण नाही.” दुपारी शेजाऱ्याच्या सल्ल्याने नवे नोझल आणले असते, तर पैसे गेले असते आणि इंजिन तसेच राहिले असते.

आता शेतकऱ्याने चाक फिरविले. धुराड्यातून विरळ, पांढरा धूर आला. परंतु इंजिन सुरू झाले नाही. शेतकऱ्याचे हात गळाले. “रिंगाच गेल्या असतील, चाचा. इंजिन खोलावे लागणार. आता आठवडा गेला आणि गहूही गेला.”

मिस्त्री मात्र शांत होते. “भाऊ, मघाशी धूर नव्हता, आता आहे. एक गाठ सुटली. दुसरी कोणती, ते पाहू.”

डिझेल इंजिनाला एक लहान कळ असते. ती उचलून ठेवली म्हणजे एक झडप उघडी राहते, आतली हवा दाबली जात नाही आणि चाक हलके फिरते. चाकाने वेग घेतला की कळ सोडावयाची, म्हणजे एकाएकी दाब निर्माण होऊन इंजिन पेट घेते. मिस्त्रींनी ही कळ न उचलता चाक हळूहळू फिरविले. दाबाच्या जागी चाकाने जोराने अडायला हवे होते. ते जेमतेम अडले आणि पुढे निघून गेले.

“दाब कमी आहे,” मिस्त्री म्हणाले. “आता याची कारणे दोन. आत आलेली हवा कोठून तरी निसटते आहे, नाही तर हवा आत येतच नाही. निसटत असेल तर झडप, पॅकिंग, रिंगा हे सारे पाहावे लागेल. ते खर्चाचे आणि वेळाचे काम. येतच नसेल तर काम पाच मिनिटांचे. आधी कोणते पाहावे?”

“पाच मिनिटांचे,” मुलगी चटकन म्हणाली.

“मग तूच सांग, हवा आत येते की नाही हे कसे कळेल?”

मुलीने क्षणभर विचार केला. तिने हवा शुद्ध करणाऱ्या डब्याचे तोंड शोधले आणि त्यावर तळहात धरला. “चाचा, आता चाक फिरवा. हवा आत ओढली गेली तर माझा हातही ओढला जाईल.” मिस्त्रींनी कळ उचलून, स्वतः हँडल धरून सावकाश चाक फिरविले. मुलीने तीन वेळा पाहिले. “हाताला काहीच लागत नाही.” मग ती थोडे थांबून म्हणाली, “या छपरीत कुंभारीण माशा फार आहेत. भिंतीवर त्यांची मातीची घरे आहेत.”

मिस्त्रींनी डबा उघडला. आतल्या नळीच्या तोंडाशी मातीचे टणक घरटे होते आणि त्यामागे उंदरांनी ओढून आणलेला कापूस ठासून बसला होता. श्वासाची वाटच बंद झाली होती. मिस्त्रींनी नळी बाजूला काढली, म्हणजे मातीचा कण आत पडू नये. ती काडीने आणि चिंधीने साफ केली, डब्याची जाळी डिझेलने धुतली आणि सगळे पूर्ववत बसविले. पुन्हा कळ न उचलता चाक फिरविले. या वेळी चाक दाबाच्या जागी भिंतीला टेकल्यासारखे अडले.

“आता लावा,” मिस्त्री म्हणाले.

शेतकऱ्याने कळ उचलली, चाकाला वेग दिला, मिस्त्रींनी कळ सोडली. एक मोठा ठोका, काळ्या धुराचा एक भपका, मग दुसरा ठोका आणि मग ती ओळखीची, सारखी ‘टक् टक्’. पंपात पाणी भरून ठेवलेले होते. थोड्याच वेळात विहिरीचे पाणी दांडातून गव्हाच्या पहिल्या वाफ्यात शिरले. रात्र पडली होती. शेतकरी फावडे घेऊन बारे देऊ लागला आणि कोणास ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, “मोटारीच्या वेळी मी एवढा थांबलो असतो तर!”

मिस्त्रींनी ते ऐकले. ते म्हणाले, “भाऊ, मोटर गुंगत होती, तेव्हा तीही बोलतच होती. एक फेज नाही, मला बंद करा, असे सांगत होती. आपल्याला तिची भाषा ठाऊक नव्हती. मोटर गुंगली आणि फिरली नाही, तर लगेच बटन बंद करावे. दुसऱ्यांदा दाबू नये. फ्यूज आणि तारा जाणत्याकडून तपासून घ्याव्यात. आणि त्या रक्षकाचा काटा आता जागेवर आणा.”

यंत्र सुरू न होणे ही काही केवळ खेड्यातील अडचण नाही. हे इंजिन ज्याच्या नावाने ओळखले जाते, त्या रूडॉल्फ डीझेल या जर्मन संशोधकालाही तिने छळले होते. १८९३ साली जर्मनीतील आउग्सबुर्ग शहरात त्याने आपले पहिले यंत्र उभे केले. परंतु ते स्वतःच्या बळावर चालले नाही. उलट एका चाचणीत स्फोट होऊन त्याचा जीव थोडक्यात वाचला. डीझेल निराश झाला नाही. प्रत्येक अपयशाची नोंद करीत, एकेक भाग सुधारीत तो पुढे गेला. १८९४ च्या फेब्रुवारीत यंत्र प्रथमच सुमारे एक मिनिट स्वतःच्या बळावर फिरले. आणखी तीन वर्षांनी, १८९७ साली, झालेल्या चाचणीत इंधनातील उष्णतेच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक भागाचे कामात रूपांतर होते असे सिद्ध झाले. त्या काळची बहुतेक वाफेची यंत्रे याच्या निम्मेही काम देत नसत. एका मिनिटापासून या यशापर्यंतची वाट धीराने शोधली म्हणूनच सापडली.

इंजिनाच्या कामात धीराइतकीच सावधगिरीही हवी. चाक फिरविताना इंजिनाने उलटा झटका दिला, तर हँडल उलट फिरून हात मोडू शकतो; म्हणून अंगठा हँडलभोवती न वळविता बोटांच्याच बाजूला ठेवतात. फिरत्या चाकाजवळ आणि पट्ट्याजवळ सैल उपरणे, ओढणी किंवा मोकळे केस असू नयेत. नोझलच्या फवाऱ्यासमोर हात धरू नये. त्याचा जोर कातडी भेदण्याइतका असतो. विजेच्या पेटीला ओल्या हाताने स्पर्श करू नये आणि मुलांनी तर ती उघडूच नये.

सर्वांत मोठा धोका डोळ्यांना दिसत नाही. पाणी खोल गेले म्हणजे काही लोक इंजिन विहिरीच्या आत उतरवितात. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही आणि वासही नाही. विहिरीत धूर कोंडतो, प्राणवायू कमी होतो आणि आत उतरलेला माणूस हाक मारण्यापूर्वीच बेशुद्ध पडतो. त्याला वाचविण्यास उतरणाराही तसाच पडतो. अशा अपघातांत एकाच घरातील दोन-तीन माणसे दगावल्याची उदाहरणे आहेत. म्हणून इंजिन नेहमी विहिरीबाहेर, मोकळ्या हवेत ठेवावे आणि बंद खोलीतही ते चालवू नये.

आज पातूरच्या शिवारात सूर्यप्रकाशावर चालणारे पंपही दिसू लागले आहेत. त्यांना हँडल नाही, गाळणी नाही आणि धूरही नाही. तेही कधी तरी अडतील. तेव्हा शोधण्याच्या वस्तू वेगळ्या असतील. शोधण्याची रीत मात्र हीच राहील. आधी पाहावे, मग विचारावे, मग हात लावावा. जे सोपे आणि कमी खर्चाचे आहे ते प्रथम तपासावे. एका वेळी एकच बदल करावा, म्हणजे कशामुळे काय झाले ते कळते. वाट एका टोकापासून धरावी आणि मधली पायरी गाळू नये.

तीन दिवसांनी गहू भिजून झाला. चौथ्या दिवशी मोटर दुरुस्त होऊन आली. शेतकऱ्याने स्टार्टरच्या रक्षकाचा काटा योग्य आकड्यावर आणून घेतला. डिझेल इंजिन त्याने पुन्हा गोणपाटाखाली झाकले. परंतु या वेळी हवेच्या नळीच्या तोंडाला स्वच्छ फडके बांधले आणि महिन्यातून एकदा ते फडके सोडून इंजिन थोडा वेळ चालवावयाचे, असे ठरविले. मुलीने आपल्या वहीच्या शेवटच्या पानावर तीनच शब्द लिहून ठेवले होते : इंधन, हवा, दाब.

अभ्यास

१. पुढील प्रश्नांची उत्तरे थोडक्यात लिहा.
(अ) फेब्रुवारी महिन्यात गव्हाला पाणी देणे इतके आवश्यक का होते?
(आ) विजेची मोटर कशामुळे जळाली?
(इ) “इंजिन बोलले,” असे मिस्त्री कोणत्या प्रसंगी म्हणाले? त्यावरून त्यांनी कोणता निष्कर्ष काढला?
(ई) नळीत हवा शिरल्यास नोझल का उघडत नाही?

२. कारणे द्या.
(अ) डिझेल इंजिनाला ठिणगीची आवश्यकता नसते.
(आ) मिस्त्रींनी रिंगा पाहण्यापूर्वी हवेची नळी पाहिली.
(इ) इंजिन विहिरीत उतरवून चालवू नये.

३. इंजिन सुरू करण्यासाठी मिस्त्रींनी केलेल्या कृती क्रमाने लिहा. प्रत्येक कृतीवरून त्यांना काय कळले, ते तिच्यापुढे लिहा.

४. ‘हात गळणे’, ‘कपाळाला हात लावणे’, ‘हूं की चूं न करणे’ या वाक्प्रचारांचा आपल्या वाक्यांत उपयोग करा.

५. तुमच्या घरातील सायकल, कंदील, घड्याळ किंवा हातपंप यांपैकी एखादी वस्तू बिघडली, तर तिचा दोष कोणत्या क्रमाने शोधाल, ते दहा ओळींत लिहा.